अकरा गाठींची दोरी

सातवीला ‘वारे’ हा धडा शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर किनारा काढते. डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा जमिनीवरून पाण्याकडे जातो, तो मतलई वारा. मुलं आकृती काढतात, बाणांना निळा रंग देतात. खिडकीबाहेर सोलापूरचं ऊन पांढरं झालेलं असतं. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरांहून लांब. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी तो पाहिलेला नसतो. मतलई वारा हा त्यांच्यासाठी दोन गुणांचा प्रश्न असतो.

मी तो अंगावर घेतला आहे. पहाटे चारचा सुमार, वाघोटनची खाडी, पायाशी ओल्या जाळ्याचा ढीग, आणि मागे सुकाणूपाशी माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील. डोंगराकडून थंड झुळूक आली, शीड आधी थरथरलं, मग भरलं, आणि होडी आवाज न करता सरकायला लागली. आजोबा म्हणाले, “मतलई सुटली काय भायर पडाचा, खारो लागलो काय घराक येवचा.” पहाटेच्या वाऱ्याने बाहेर, दुपारच्या वाऱ्याने घरी. पुढे बी.एड. करताना मी हाच धडा पाठ म्हणून घेतला, तेव्हा मला जाणवलं की आजोबांनी अख्खा धडा एका वाक्यात सांगून टाकला होता.

आई विजयदुर्गाजवळच्या खाडीकाठची, बाबा सोलापूरचे. मे महिन्यात आम्ही एसटीने कोल्हापूर, तिथून गगनबावडा, वैभववाडी, तळेरे असं करत उतरायचो. घाट उतरताना हवा ओली व्हायला लागली की आई खिडकीला तोंड लावून बसायची. आजोबा होड्या बांधायचे. गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. ते गेले तेव्हा मामाने त्यांची हत्यारं आपल्याकडे ठेवली आणि एक लहान लाकडी पेटी आईला दिली. ती पेटी आमच्या सोलापूरच्या घरात माळ्यावर तीस वर्षं होती. आई गेल्यानंतर मी ती खाली काढली. आत लाकूड तासायचा, धार गेलेला एक वाकस, दोन पटाशा, एक किकरं, भोक पाडायच्या सामत्याचा धनुष्यासारखा दांडा, आणि काथ्याची एक बारीक दोरी. दोरीला अकरा गाठी होत्या.

मी मामाला फोन केला. तो म्हणाला, ती आजोबांची मापाची दोरी. कागदावर त्यांनी कधी होडी काढली नाही. ही दोरी आणि नजर, एवढंच. मग मी गाठींमधली अंतरं मोजून त्याला सांगत गेले आणि तो सांगत गेला: ही नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची, ही मधल्या पोटाची रुंदी, ही पहिल्या दोन वांकांमधली, म्हणजे होडीच्या बरगड्यांमधली, जागा. सात गाठी त्याने ओळखल्या. चार गाठींवर तो अडला. “माका नाय म्हायत गो,” तो म्हणाला, आणि बराच वेळ गप्प राहिला. मामा सत्तरीला आला होता. त्याच्यानंतर त्या सात गाठीही कोणाला कळणार नव्हत्या.

होडी कशी बांधतात हे मी लहानपणी नुसतं पाहिलं होतं, समजलं मोठेपणी. घर बांधणारा सुतार सरळ लाकूड शोधतो, होडी बांधणारा मिस्त्री वाकडं. पावसाळ्यात रानातून जाता जाता आजोबा ऐनाच्या, बाभळीच्या फांद्या बघून ठेवायचे. ही नाळेला येईल, ही तिसऱ्या वांकाला. वाढतानाच वाकलेल्या फांदीत लाकडाची रेषा बाकाबरोबर फिरते, म्हणून ती मोडत नाही. सरळ फळीतून कापून काढलेल्या बाकात रेषा आडवी तुटते आणि लाट आपटली की तिथेच चीर पडते. झाड उभं असतानाच त्यात होडीचा कुठला भाग आहे हे दिसणं, ही त्या कामातली पहिली विद्या. आधी पठाण, म्हणजे होडीचा कणा, मांडायचा, नारळ फोडायचा, मग दोन टोकं उभी करायची, मग फळ्या आणि वांक. फळ्यांच्या सांध्यांत तेलात आणि राळेत भिजवलेली कापसाची वात ठासायची. पाणी लागलं की कापूस फुगतो, लाकूड फुगतं आणि सांधा बंद होतो. वरून मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, तेल. त्या तेलाचा उग्र वास आजोबांच्या सदऱ्याला कायम असायचा आणि मला तो आवडायचा.

कापूस कुठून येतो, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते हसून म्हणाले, “तुमच्याच देशावरसून.”

हे उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक होतं त्याहून कितीतरी जुनं आहे. सोलापूरहून दीड-दोन तासांवर तेर आहे, धाराशिव जिल्ह्यात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या वृत्तांतात त्याचं नाव तगर असं येतं. तिथून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायची आणि तिथून जहाजांतून पश्चिमेला. तेरच्या संग्रहालयात मी मुलांची सहल नेते तेव्हा त्यांना सांगते की हे गाव समुद्रापासून आपल्याइतकंच लांब आहे, तरी याचं कापड समुद्र ओलांडून गेलं. अजिंठ्याच्या भिंतीवर जहाजं रंगवणाऱ्या चित्रकारांनाही समुद्र काही जवळ नव्हता. तरीही पाचव्या शतकातल्या त्या चित्रावरून आपल्या नौदलाने जहाज बांधून घेतलं. खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेलं ते जहाज गोव्यात बांधलं गेलं, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. २०२५ च्या मे महिन्यात ते ‘कौंडिण्य’ या नावाने कारवारला नौदलात दाखल झालं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये शिडावर मस्कतला पोचलं. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली. जहाजाचा नकाशा कुठेच नव्हता, होतं फक्त चित्र. आयआयटी मद्रासने त्याची गणितं तपासली. पण चित्रावरून फळी शिवता येते ती शिवणारे हात अजून जिवंत होते म्हणून. केरळात ते हात नसते तर अजिंठ्याचं चित्र चित्रच राहिलं असतं.

आमच्या खाडीत आज लाकडी होडी क्वचित दिसते. यात मी कोणाला दोष देत नाही. माझा मामेभाऊ फायबरची बोट चालवतो. ती हलकी आहे, दरवर्षी तेल-राळ मागत नाही, तिला किडा लागत नाही. इंजिनामुळे तो वारा पडला तरी घरी येतो, आणि त्याची बायको रात्री झोपू शकते. लाकूड महाग झालं, तोडायला परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी सागवान परवानगीनेच तोडावं असं आहे, आणि आंबा-फणसाला तर हातच लावू देऊ नये, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. स्वराज्याला जहाजांची निकड असताना लिहिलेलं हे वाक्य मला फार मोठं वाटतं. तेव्हा फायबर आलं याचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही. पण होडीबरोबर आणखी काय गेलं, ते मोजायला हवं.

आजोबा तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. पाण्याच्या रंगावरून खाली रेती आहे की खडक ते सांगायचे. पश्चिमेला ढगाची कड कशी दिसली की शीड उतरवायचं, हे त्यांना विचार न करता कळायचं. हे सगळं होडीत नव्हतं, होडी चालवण्यात होतं. शीड गेलं आणि वाऱ्याकडे बघायचं कारणच उरलं नाही.

वाऱ्याकडे बघता येणं हा छंदाचा विषय नाही, हे आम्हा सोलापूरकरांना २०२४ च्या मे महिन्यात कळलं. आमच्या करमाळा तालुक्यातल्या कुगावहून उजनीच्या पाण्यातून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाला शिकवावंसं वाटलं नसतं, बरं की सुट्टी होती. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. एवढं मोठं पाणी आमच्या जिल्ह्यात आलं, पण त्या पाण्यावरच्या वाऱ्याची जुनी ओळख कोणाकडे असणार? नदीकाठच्या माणसांना नदी माहीत होती. हे समुद्रासारखं पसरलेलं पाणी एका पिढीच्या वयाचं आहे.

कसब जातं म्हणजे काय होतं, हे सोलापूरला वेगळं सांगायला नको. माझे दुसरे आजोबा, बाबांचे वडील, जुन्या गिरणीत होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरण १९६३ मध्ये बंद पडली. आजी सांगायची, त्यानंतर कितीतरी दिवस ते भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. हातमागांची खटखटही आमच्या पूर्व भागात गल्लीगल्लीतून यायची, ती पुढे यंत्रमागांच्या आवाजात बुडाली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. पण मानांकन नावाला मिळतं, विणणाऱ्याच्या मुलाने मागावर बसावं असं त्यातून आपोआप घडत नाही.

मात्र याच गावात मी उलटही पाहिलं आहे. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. दोन मजली घराहून उंच अशी ती काठी एक माणूस कमरेच्या पट्ट्यात पेलून चालतो. वर बाशिंग डुलत असतं, गर्दी दोन्ही बाजूंनी दाटलेली असते, आणि तो काठीच्या टोकाकडे नजर लावून पावलं टाकतो. वाऱ्याची झुळूक आली की त्याचे गुडघे आधी ओळखतात. पहिल्यांदा मामाला मी यात्रेला आणलं तेव्हा तो बघतच राहिला. म्हणाला, “हे तर डोलकाठी चालवतंत.” या कसबाचं कुठे वर्गात शिक्षण नाही, पुस्तक नाही. यात्रेआधी कित्येक दिवस रात्री सराव चालतो, थोरल्याच्या हाताखाली धाकटा काठी धरतो. शतकानुशतकं ते टिकलं, कारण दर संक्रांतीला काठी उचलावीच लागते. एक वर्ष चुकवायची सोय नाही.

यावरून माझं मत बनलं ते असं. होडी संग्रहालयात ठेवून वाचत नाही. हे मी भावनेने म्हणत नाही. लाकडी होडी कोरड्यात राहिली की तिचं लाकूड आक्रसतं, सांधे उघडतात, कापसाची वात सुटते. ती पाण्यात असते तोवरच होडी असते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला दोनशे वर्षांनंतरही पाण्यात तरंगतं आहे, कारण त्याच्या फळ्या बदलणारी माणसं तिथे सतत कामाला आहेत. इंडोनेशियात सुलावेसीच्या किनाऱ्यावर अजून पिनिसी जहाजं बांधली जातात. युनेस्कोने २०१७ साली ती कला वारसा यादीत घेतली, तेव्हाही तिथे नव्या जहाजांची गिऱ्हाइकं होतीच. मिस्त्रीला आधी सत्कार नको असतो, त्याला मागणी हवी असते. कोणीतरी म्हणायला हवं, मला होडी बांधून दे.

मी दोन-तीन ठिकाणी पत्रं लिहिली. एका कार्यालयात मला मामाच्या कामाचा व्हिडिओ करून पाठवायला सांगितलं, तो संग्रही ठेवू म्हणाले. मी घरी येऊन विचार केला आणि ठरवलं की होडी मीच बांधून घ्यायची. निवृत्तीसाठी ठेवलेल्या पैशांतले काही काढले. मुलगी म्हणाली, आई, सोलापुरात राहून होडी? मी म्हटलं, होडी राहील खाडीतच. मामेभावाचा सोळा वर्षांचा मुलगा मामाबरोबर काम करेल, ही एकच अट. आणि ती शिडाची हवी.

मामा दोन दिवस काही बोलला नाही. मग फोनवर म्हणाला, “शिडाक कापड खंयसून आणतलंय?”

बाजारात ताडपत्री मिळते, नायलॉन मिळतं. मला सुती कापड हवं होतं. ओलं झालं की सुताची ताकद वाढते आणि वीण घट्ट बसते. पूर्व भागात माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा अजून घरात खड्डामागावर बसतात, ते त्याला मग्गम म्हणतात. जन्मभर नऊवारी लुगडी विणलेले. मी त्यांना शिडाची गोष्ट सांगितली. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी प्रश्न विचारले ते विणकराचे. वारा एकाच बाजूने येतो की दोन्ही? ताण कोपऱ्यावर जास्त का मध्ये? पन्हा किती? मी मामाला फोन लावून दिला. एक मालवणी बोलतोय, एक तेलुगू वळणाचं सोलापुरी मराठी, आणि दोघं ताण्याबाण्यावर वाद घालतायत. अर्धा तास मी तिथे गूळ-शेंगदाणे खात बसले होते. माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या अर्ध्या तासांपैकी तो एक. शेवटी ठरलं: दुहेरी सूत, ताणा दाट, खळ कमी, पन्हा छत्तीस इंच, लांबी वीस मीटर. पट्टे शिवून मामा शीड करेल.

होडी बांधायला दिवाळीनंतर सुरुवात झाली. मी सुट्ट्यांत जात राहिले. पोरगं आधी कंटाळलं. पहिल्या महिन्यात मामाने त्याला फक्त वाकस धरायला आणि लाकडावर टिचकी मारून ऐकायला शिकवलं. “लाकूड आधी आयकूक व्हया,” मामा म्हणायचा. पोकळ आवाज कुठे बदलतो, गाठ आत कुठे आहे. फेब्रुवारीत मी गेले तेव्हा ते पोरगं मला आवाजातला फरक समजावत होतं, आणि मला तो येत नव्हता.

वांक बसले, फळ्या चढल्या. मग डोलकाठीची जागा ठरवायची वेळ आली आणि मामा थांबला. गेल्या चाळीस वर्षांत त्याने बांधलेल्या सगळ्या होड्या इंजिनाच्या होत्या. इंजिनाच्या होडीला डोलकाठी कुठे आहे याने काही बिघडत नाही. शिडाच्या होडीला एक वीत पुढेमागे झाली तर ती सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते, नाहीतर सुकाणूला जुमानत नाही. मामा एका आडव्या फळीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मी पिशवीतून दोरी काढली. सहज काढली, काही सुचलं होतं असं नाही. त्याने ती नाळेला लावून मागे ताणली. न कळलेली पहिली गाठ त्याच्या तळहाताशी आली.

“हां,” तो म्हणाला. “हय बसता.”

पोरग्याने तिथे खडूने खूण केली. मग मामाला एकदम कळलं की त्या चारही गाठी शिडाच्या असणार. म्हणूनच त्या त्याला आठवत नव्हत्या, त्याला त्या कधी लागल्याच नव्हत्या. संध्याकाळपर्यंत आणखी एक लागली: परबाणाची लांबी, ज्या आडव्या लाकडाला शीड बांधतात त्याची. दोन गाठी अजून आहेत.

शीड ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवलं, ते तपकिरी-लाल झालं. होडी एप्रिलच्या एका पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीवर पाण्यात ढकलली. तासाभरात आत घोटाभर पाणी. माझा जीव वरखाली झाला. मामा शांतपणे विडी ओढत होता. पहिला दिवस पाणी उपसलं, रात्री पुन्हा भरलं. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी पहाटे मी कंदील घेऊन गेले तर तळाला फक्त ओल होती. फळ्यांनी पाणी पिऊन सांधे मिटले होते.

तेव्हाच डोंगराकडून वारा सुटला. पोरग्याने परबाण वर ओढलं, शीड थरथरलं आणि भरलं. सुकाणू मामाकडे होतं. मी मध्ये बसले होते, पन्नाशी उलटलेली बाई, आणि मला आजोबांच्या सदऱ्याचा वास आला, मुशीच्या तेलाचा.

सोलापूरला परतल्यावर मी थेट पूर्व भागात गेले आणि विणकर आजोबांना मोबाइलवर ते शीड दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, चित्र थांबवायला सांगितलं, परत मागे न्यायला सांगितलं. तीनदा पाहिलं. समुद्राकडे, होडीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी शिडाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

“हे बघा बाई, इथं किनार ताणली. इथं ताणा दुहेरी घ्यायला पाहिजे होता. पुढच्या शिडाला घेतो.”

मी मामाला ते कळवलं. तो म्हणाला, ऐनाची एक फांदी बघून ठेवली आहे.